दोन मुदती: जन्माआधीची आणि जन्मानंतरची

बाळाचा डोळा घडायला लागतो तो गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी. तेव्हा गर्भ जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. त्याच्या मेंदूच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंनी दोन बारीक खाचा पडतात आणि त्याच पुढे डोळे होतात. आईच्या बाजूने पाहिलं तर पाळी चुकून आठवडाच झालेला असतो. पुष्कळ जणींनी अजून चाचणीही केलेली नसते. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत भिंग, दृष्टिपटल, बुबुळ, डोळ्याची नस या सगळ्यांची मांडणी होऊन जाते. पुढचे सात महिने असतात ते वाढीचे आणि बारीक जुळणीचे.

या तारखा आधीच सांगितल्या, कारण आपल्याकडे व्यंग असलेलं मूल जन्मलं की पहिला जाब आईला द्यावा लागतो. ग्रहणात विळीवर बसली होतीस का, सुई-दोरा हातात घेतला होतास का, काय खाल्लंस, कुठे गेलीस. ग्रहण पाळायला सांगतात ते घरात दिवस गेल्याचं कळल्यावर, आणि तोवर डोळ्याची मुख्य घडण बहुधा उरकलेली असते. चंद्र-सूर्याचा या दोषांशी संबंध नाहीच, पण नुसत्या तारखा पडताळून पाहिल्या तरी हा आरोप टिकत नाही.

जन्मजात नेत्रदोष समजून घ्यायचे तर दोन मुदती लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली गर्भातली. दोष कोणत्या आठवड्यात उद्भवला हे पुष्कळदा त्याच्या आकारावरून आणि जागेवरून ओळखता येतं. ही मुदत आई-बापांच्या हातात फारशी नसते. दुसरी मुदत जन्मानंतर सुरू होते आणि काही दोषांत ती अवघ्या काही आठवड्यांची असते. ती मात्र आपल्या हातात असते, आणि आपल्याकडे बरीचशी दृष्टी ही दुसरी मुदत हुकल्याने जाते.

शिवण राहून जाते तेव्हा

मेंदूतून निघालेली ती खाच फुगत फुगत बाहेरच्या त्वचेपर्यंत पोचते. तिचा स्पर्श झाला की तिथली त्वचा जाड होते, आत वळते आणि सुटून वेगळी होते. हे भिंग. इकडे तो फुगा स्वतः आत दबून दुहेरी भिंतीचा पेला बनतो. आतल्या भिंतीचं दृष्टिपटल होतं आणि बाहेरच्या भिंतीचा त्यामागचा काळा थर. या पेल्याच्या खालच्या अंगाला एक उभी फट असते. आत रक्तवाहिन्या शिरायला ती लागते. पाचव्या ते सातव्या आठवड्यात ती फट मधोमध मिटायला लागते आणि दोन्ही टोकांकडे मिटत जाते, पिशवीची कड शिवून बंद करावी तशी.

ही शिवण पुरती झाली नाही तर तेवढा भाग रिकामा राहतो. याला ‘कोलोबोमा’ म्हणतात. फट खालच्या बाजूला, किंचित नाकाकडे असते, म्हणून हा दोषही बहुतेक वेळा नेमका तिथेच सापडतो. रंगीत पडद्याला तो झाला की बाहुली गोल न राहता कुलपाच्या भोकासारखी खाली ओघळलेली दिसते. घरच्यांना धक्का बसतो तो याच रूपाचा. पण दोष तेवढ्यावरच थांबला असेल तर दृष्टी चांगली असू शकते. उजेडाचा थोडा त्रास होतो, इतकंच.

खरी काळजी असते ती बाहेरून न दिसणाऱ्या भागाची. शिवण मागच्या टोकाला उसवली असेल तर दृष्टिपटलाचा किंवा नसेचा तुकडाच नसतो आणि दृष्टी किती राहील हे त्या तुकड्याच्या जागेवर ठरतं. शिवाय अशा डोळ्यात पुढे कधीही दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो. म्हणून बाहुलीचा आकार वेगळा दिसला की डॉक्टर थेंब टाकून मागचा भाग तपासतात आणि ही तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवायला सांगतात. कधी कोलोबोमासोबत हृदयाचे, कानांचे, नाकामागच्या वाटेचे दोषही असतात. या समूहाला ‘चार्ज सिंड्रोम’ म्हणतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी सीएचडी-७ या जनुकातला बिघाड असतो. ते जनुक २००४ साली सापडलं. म्हणून कोलोबोमा दिसलेल्या बाळाची हृदयाची आणि ऐकण्याची तपासणीही करायची असते.

डोळाच नसणं

फुगा तयारच झाला नाही किंवा अर्ध्यात थांबला तर डोळा नसतो, नाहीतर अगदी लहान राहतो. हे दोष विरळ आहेत. दोन्ही डोळ्यांना असा गंभीर दोष असलेल्या मुलांमध्ये सॉक्स-२ या जनुकातला बदल हे ठाऊक असलेल्या कारणांपैकी एक मोठं कारण आहे. इथे दृष्टी देता येत नाही, तरीही उपचार लवकर सुरू करावा लागतो. बाळाच्या डोळ्याची खोबण वाढते ती आतल्या डोळ्याच्या रेट्याने. आत काहीच नसेल तर चेहऱ्याची ती बाजू खुरटते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच खोबणीत छोटा साचा बसवतात आणि बाळ वाढेल तसा मोठा साचा घालत जातात.

असे दोष बाहेरच्या कारणानेही होऊ शकतात, याचा एक सुरुवातीचा ठोस पुरावा अमेरिकेतल्या टेक्सासमधून आला. फ्रेड हेल या पशुसंशोधकाने एका डुकरिणीला गाभण होण्याआधीपासून अ जीवनसत्त्व नसलेलं खाद्य दिलं. तिला ११ पिल्लं झाली आणि एकालाही डोळे नव्हते. १९३३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोष रक्तातून आलाय, असं त्या काळी कोणीही म्हटलं असतं. हेलने पुढे अशा पिल्लांना पुरेसं अ जीवनसत्त्व देऊन त्यांची वीण घेतली, तेव्हा पुढची पिढी डोळस निघाली. म्हणजे बीज ठीक होतं, उणीव आहारात होती. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही गर्भाला घातक असतो आणि मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे त्याच कुळातलं औषध गरोदरपणात पूर्ण वर्ज्य आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यातली. १९५०च्या दशकात तिथल्या मेंढपाळांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्मताना दिसू लागली. सरकारी शास्त्रज्ञांनी माग काढला तो कुरणातल्या एका रानटी कंदवर्गीय झाडापर्यंत. गाभण मेंढीने ते झाड नेमकं १४व्या दिवसाच्या आसपास खाल्लं तरच हा दोष होतो, असं प्रयोगांत दिसलं. त्यातल्या द्रव्याला ‘सायक्लोपामाइन’ हे नाव मिळालं. गर्भाच्या मेंदूत डोळ्यांसाठी राखलेली जागा सुरुवातीला एकच असते. ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाकडून येणारा संदेश तिचे दोन भाग करतो, आणि हे द्रव्य तो संदेश अडवतं. मधला डोळा म्हणजे मेंदूच नीट विभागला गेला नाही याची खूण, म्हणून अशी पिल्लं सहसा जगत नाहीत. हाच संदेश त्वचेच्या एका कर्करोगात बेबंद सुटतो हे कळल्यावर तो अडवणारं व्हिस्मोडेगिब हे औषध बनलं आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गरोदर बाईला ते कधीही देत नाहीत. कारण सांगायला आयडाहोची कोकरं पुरेशी आहेत.

डोळ्यात दिसलं, मूत्रपिंडात सापडलं

काही बाळांच्या डोळ्यात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जवळजवळ नसतोच. सगळी बाहुलीच वाटावी इतका डोळा काळाभोर दिसतो. याला ‘अनिरिडिया’ म्हणतात. बाळ उजेडात डोळे उघडत नाही, नजर थरथरत राहते, आणि दृष्टिपटलाचा सर्वांत तीक्ष्ण दिसणारा मध्यबिंदूही नीट घडलेला नसतो. पुढे काचबिंदू, मोतीबिंदू आणि बुबुळाचा, म्हणजे पारपटलाचा, धूसरपणा येऊ शकतो. बिघाड असतो तो पॅक्स-६ या जनुकात.

हे जनुक डोळ्याच्या घडणीत फार वरच्या पायरीवर बसतं. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने फळमाशीच्या पंखांवर आणि पायांवर हे जनुक जागं केलं, तर तिथे डोळे उगवले. उंदराचं जनुक घालूनही तेच झालं, आणि उगवले ते माशीचेच डोळे. प्राणिसृष्टीत डोळ्यांचे प्रकार अनेक असले तरी ते घडवण्याचा हुकूम देणारं जनुक एकाच घराण्यातलं आहे, हे त्यातून कळलं.

दवाखान्यात मात्र अनिरिडियाची सर्वांत मोठी काळजी डोळ्याबाहेरची असते. १९६४ मध्ये रॉबर्ट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर हा बालकर्करोग झालेल्या मुलांमध्ये अनिरिडिया अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. कारण नंतर उलगडलं. अकराव्या गुणसूत्रावर पॅक्स-६ च्या जवळच डब्ल्यूटी-१ हे जनुक आहे, आणि मूत्रपिंडातली गाठ रोखण्यात त्याचा हात असतो. गुणसूत्राचा त्या जागचा तुकडाच गळाला तर दोन्ही जनुकं एकदम जातात. अशा मुलांपैकी सुमारे निम्म्यांना ही गाठ होते. म्हणून घरात कोणालाही अनिरिडिया नसताना बाळाला तो दिसला की आधी जनुकचाचणी करतात. डब्ल्यूटी-१ गळालेलं असेल तर वयाच्या आठव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात. गाठ लहान असताना सापडली तर बहुतेक मुलं बरी होतात. ते जनुक शाबूत असेल तर ही धावपळ टळते. डोळ्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली ही एक चाचणी मुलाचा जीव वाचवू शकते.

डोळ्याच्या नसेचंही असंच आहे. ती जन्मतः बारीक राहिली तर डोळा बाहेरून ठाकठीक दिसतो, फक्त नजर ठरत नाही. अशा काही मुलांमध्ये मेंदूच्या मध्यभागाची आणि पियुषिका ग्रंथीची घडणही अपुरी असते. मग साध्या तापातही रक्तातली साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून मेंदूचा एमआरआय आणि संप्रेरकांची तपासणी करतात, आणि मुलाला चष्मा लागतो का हा प्रश्न त्यानंतर येतो.

सिडनीच्या दवाखान्यातल्या आया

१९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली. एरवी वर्षाकाठी मोजकी दिसणारी गोष्ट अशी रांगेत का येते, हा प्रश्न त्यांना पडला. आयांच्या बोलण्यातून कळलं, की गरोदरपणाच्या सुरुवातीला त्यांना जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, येऊन गेला होता. आदल्या वर्षी तिथे त्याची मोठी साथ होती. ग्रेगनी सहकाऱ्यांकडूनही माहिती गोळा केली आणि ऑक्टोबरमध्ये ७८ बाळांची नोंद मांडली. त्यातल्या दहा वगळता सगळ्यांच्या आयांना रुबेला झाल्याचा इतिहास मिळाला. बऱ्याच बाळांना हृदयाचाही दोष होता. बहिरेपणा नंतर ध्यानात आला, कारण तो कळायला मूल थोडं मोठं व्हावं लागतं.

अंगावर हलकं पुरळ आणि दोन दिवसांचा बारीक ताप, एवढ्याने गर्भाचं इतकं नुकसान होईल यावर तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नाही. आज चित्र स्पष्ट आहे. गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाला तर शंभरपैकी ८०हून अधिक गर्भांना इजा होते. विषाणू भिंगात शिरतो तो याच काळात. १९६४-६५च्या साथीनंतर एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं असे दोष घेऊन जन्मली. १९६९ मध्ये तिथे लस आली.

भारतात गोवर-रुबेला लशीची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. गोवा पहिल्याच टप्प्यात होता, महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. आता ही लस नेहमीच्या लसीकरणात नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मिळते. मोहिमेआधी वाढलेल्या पुष्कळ मुलींना ती मिळालेली नाही. त्यांनी लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना विचारून ती घ्यावी आणि त्यानंतर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत. गरोदरपणात ती घेता येत नाही. जन्मजात मोतीबिंदूची सगळी कारणं टाळता येत नाहीत, पण हे एक टाळता येतं.

दुसरी मुदत

म्हातारपणीचा मोतीबिंदू सहा महिने उशिरा काढला तरी दृष्टी परत येते. बाळाचं तसं नाही. डोळा फक्त प्रकाश आत घेतो, पाहायला शिकतो तो मेंदू, आणि हे शिकणं जन्मल्याबरोबर सुरू होतं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर डोळा धड होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला प्रतिसादच देईनात. त्यांची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काही बिघडलं नाही. १९८१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता.

यातूनच बालनेत्रतज्ज्ञांच्या तारखा ठरल्या. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आत व्हावी, दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या आत. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू जास्त गंभीर वाटतो, पण घाई एका डोळ्याची अधिक असते. चांगला डोळा मेंदूतली सगळी जागा बळकावतो आणि आजारी डोळा कायमचा आळशी होतो. वर घरच्यांना ते कळतही नाही, कारण मूल एका डोळ्याने पाहत, हसत, खेळत असतं.

शस्त्रक्रियेने अर्धंच काम होतं. भिंग काढलेल्या डोळ्याला चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागते. मोठ्यांसारखं कृत्रिम भिंग आतच का बसवत नाहीत, असं पालक विचारतात. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ तान्ह्या बाळांचा अमेरिकेत अभ्यास झाला. साडेचार वर्षांच्या वयात, आत भिंग बसवलेल्या आणि कॉन्टॅक्ट लेन्स दिलेल्या, अशा दोन्ही गटांची दृष्टी सारखीच निघाली, पण आत भिंग बसवलेल्यांना पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागल्या. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत तरी भिंग बसवण्याची घाई सहसा करत नाहीत. त्याखेरीज चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते, तीही वर्षानुवर्षं. बाळ रडतं, आजीचा जीव कळवळतो, पट्टी निघते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दृष्टी न येण्याचं हे फार मोठं कारण आहे.

मुदत टळली म्हणजे काहीच उरलं नाही, असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून उत्तर भारतातल्या अनेक मुलांवर उशिरा उपचार झाले. २०११ मध्ये या गटाने ८ ते १७ वयाच्या पाच मुलांची नोंद प्रसिद्ध केली. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणं त्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच जमलं नाही, पण काही दिवसांतच जमू लागलं. दृष्टीची तीक्ष्णता अशा मुलांत पुरी येत नाही, तरी वावरायला पुरेल एवढं पुष्कळांना दिसू लागतं. म्हणून मोठ्या मुलालाही ‘आता उपयोग नाही’ म्हणून घरी बसवू नये.

टपोऱ्या डोळ्यांचं कौतुक

मोठ्या, टपोऱ्या डोळ्यांचं बाळ पाहिलं की आपण दृष्ट काढतो. डोळे मोठे असणं बहुधा निरोगीच असतं. पण ते वाढतच चालले असतील, त्यांतून पाणी येत असेल आणि बाळ उजेडात ते गच्च मिटून घेत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट नीट घडलेली नसते, दाब वाढतो, आणि तान्ह्या बाळाचा डोळा मऊ असल्याने तो ताणला जाऊन मोठा होतो. नवजात बाळाच्या पारपटलाचा व्यास सुमारे दहा मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात तो बाराच्या पुढे गेला की संशय घ्यायचा. इथे मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. थेंबांनी थोडा वेळ निभतो, इतकंच.

हा आजार पुष्कळदा सीवायपी१बी१ या जनुकातल्या दोषाने होतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच तो होतो, आणि दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक अशी शक्यता असते. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे हे प्रमाण वाढतं. आंध्र प्रदेशातल्या पाहणीत सुमारे ३,३०० बाळांमागे एक असं प्रमाण आढळलं, पाश्चात्त्य देशांत ते १०,००० मागे एक किंवा त्याहून कमी आहे. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातही आहे. घरात असा आजार असेल तर लग्नाआधी जनुकीय सल्ला घेणं शहाणपणाचं.

आता डोळ्यातून पाणी येणाऱ्या प्रत्येक बाळाला काचबिंदू नसतो. अश्रूंची नळी नाकात उघडायची राहून जाणं ही त्याहून कितीतरी नेहमीची गोष्ट आहे. त्यात डोळा चिकटतो, पू येतो, पण बाळ उजेडाला बिचकत नाही आणि बुबुळ स्वच्छ असतं. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे नाकाच्या कडेला हलकी मालीश केली की दहातल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत आपोआप बरं होतं. काजळ, मध किंवा दूध मात्र डोळ्यात घालू नये.

घरच्यांनी काय पाहावं

यातल्या बऱ्याच दोषांची पहिली चाहूल घरातच लागू शकते. बाहुलीत पांढरं दिसणं, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येणं, दोन डोळे लहान-मोठे असणं, बुबुळ धुरकट असणं, पापणी बाहुलीवर उतरलेली असणं, तीन महिन्यांनंतरही नजर न ठरणं किंवा थरथरणं. यांपैकी काहीही दिसलं तर ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणायचं नाही. बाहुलीतला पांढरेपणा मोतीबिंदूचाच असतो असंही नाही. दृष्टिपटलाचा कर्करोगही तसाच दिसतो आणि तो जिवावर बेततो.

तपासणी अवघड नाही. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर एका छोट्या उपकरणाने दोन्ही बाहुल्यांवर प्रकाश टाकतात आणि आतून सारखा लालसर उजेड परततो का ते पाहतात. मिनिटभराचं काम, बाळाला वेदना नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यात तपासायच्या जन्मजात दोषांमध्ये मोतीबिंदूचा समावेश आहे आणि पुढचे उपचारही मोफत आहेत. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतात.

प्रसूतिगृहातून घरी निघताना बाळाचं वजन आणि लशी विचारता, तसंच ‘डोळ्यातला लाल उजेड पाहिला का’ हेही विचारा. दीड महिन्याच्या लशीला नेताना पुन्हा विचारा, आणि मधल्या काळात शंका आली तर त्या तारखेची वाट पाहू नका. एका डोळ्यातल्या मोतीबिंदूची मुदत तोवर संपत आलेली असते.